एकदाही रडलं नाही

लाल दिवा लागला आणि टोपलीतल्या पिल्लूने ओठ मुडपले.

त्याच्या रेकॉर्डिस्ट आईचा जीव टांगणीला लागला. एक हात बटणांवर, दुसरा टोपलीच्या काठावर. काचेपलीकडे ड्रमर काठ्या सरसावून बसला होता, शेजारच्या छोट्या खोलीत गायिकाबाई माईकसमोर डोळे मिटून उभ्या होत्या, आणि ती मनातल्या मनात एकच घोकत होती : रडू नकोस रे राजा. आज नको.

बाळाला सांभाळणाऱ्या मावशी तापाने पडल्या होत्या. बाळंतपणानंतर नुकतंच मिळालेलं काम. रजा मागायची कोणत्या तोंडाने? म्हणून ती लेकाला टोपलीत घालून स्टुडिओतच घेऊन आली. मालकांनी दारातच अडवलं होतं. "आजचा दिवस चालवून घेतो. पण हा रडला आणि काम थांबलं, तर उद्यापासून मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. राग मानू नका."

तिने सगळी तयारी केली होती. दोन दुपटी, तीन लंगोट, दुधाची बाटली. आणि आवाज अडवणारे ते लहान मुलांचे कानझापे, निळे, गुबगुबीत. ते चढवल्यावर पिल्लू अगदी मोठ्या कामावर आल्यासारखं दिसत होतं.

"बघा, धाकटे रेकॉर्डिस्ट आले," गायिकाबाई म्हणाल्या होत्या. "यांना विचारल्याशिवाय माझा टेक ओके करायचा नाही हं."

ड्रमरने पहिलीच थाप अशी हाणली की काच थरथरली. तिने श्वास रोखून टोपलीत पाहिलं. पिल्लूने जांभई दिली आणि ते झोपी गेलं.

मग दिवस कसा सरळ रेषेत गेला. ड्रमर ऐकायला आत आला, "वाढव, वाढव, छातीत बसायला पाहिजे," म्हणत त्याने स्पीकर दणदणवले. पिल्लू झोपलेलं. कुणाच्या तरी धक्क्याने झांजेचा स्टँड फरशीवर कोसळला. पिल्लू झोपलेलं. मालक दोनदा डोकावून गेले, दुसऱ्यांदा तर चक्क हसले. तिच्या खांद्यांवरचं ओझं हळूहळू उतरत गेलं. कानझाप्यांवर खर्चलेला पैसा सत्कारणी लागला होता.

दुपारी पिल्लू उठलं. दूध पाजताना ती सवयीने काहीतरी गुणगुणत होती आणि पिल्लूने, नेहमीसारखाच, चिमुकला तळवा तिच्या गळ्यावर चिकटवून ठेवला होता.

"हे काय गं?" गायिकाबाईंनी विचारलं.

"रोजचंच आहे. गळा धरल्याशिवाय अंगाई चालत नाही त्याला."

"सूर तपासतोय लबाड! तुझ्यावर गेलाय."

ती लाजली. खरं म्हणजे तिलाही तसंच वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, किती हाका मारा, मान वळवत नाही, आपल्याच नादात असतो. तेव्हाही तिच्या मनात यायचं, कलावंत होणार माझा पोरगा.

शेवटची ओळ ओके झाली. गायिकाबाईंनी हेडफोन काढून माईकच्या स्टँडवर अडकवला आणि त्या बाहेर आल्या. हेडफोन माईकला टेकण्याआधी माईक बंद करायचा, हे तिच्या हाताला झोपेतही ठाऊक होतं. पण त्याच क्षणी टोपली हलली, म्हणून तिने आधी टोपलीकडे पाहिलं.

तेवढ्यात किंकाळी फुटली.

हेडफोनचा आवाज माईकमध्ये, माईकचा हेडफोनमध्ये, आणि सगळा मिळून स्पीकरमधून, तापलेल्या सुईसारखा कानात घुसला. गायिकाबाईंनी दोन्ही कान दाबून भिंतीला पाठ टेकली. ड्रमर शिवी घालत खाली बसला. तिने धडपडत बटण खाली ओढलं. आवाज थांबला, तरी कानांत शिट्टी वाजतच राहिली. मालक धावत आत आले. "फुटलं काय? काय फुटलं?"

आता रडणार. आता घर डोक्यावर घेणार. सगळ्यांच्या माना टोपलीकडे वळल्या.

पिल्लू जागं होतं. समोर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्यांचे दिवे लाल होऊन झरझर खाली उतरत होते. त्यांच्याकडे बघून ते पाय झाडत होतं. खूश होतं.

"कमाल आहे बुवा या पोराची!" मालक म्हणाले. "इथे माझ्या काळजाचं पाणी झालं आणि हा हसतोय! उद्याही आणा याला, परवाही आणा. असा गुणी पोरगा बघितला नाही मी."

"अहो, ते कानावरचं चांगलंय ना," ती म्हणाली, आणि कानझापे सारखे करायला तिने हात पुढे केला.

हाताला मऊ जावळ लागलं. आणि दोन उघडे कान.

कानझापे तिच्या खुर्चीच्या चाकाशी पडले होते. त्यांची एक कड पिल्लूच्या हिरड्यांनी चावून चावून ओली झाली होती. ते आत्ता पडले नव्हते. लाळ वाळायला आली होती.

कुणीतरी काहीतरी बोलत होतं. तिला कळलं नाही. तिने पिल्लूला उचललं, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि त्याच्या कानामागे टाळी वाजवली. मग जोरात. मग आणखी जोरात. तळवे चुरचुरले. पिल्लू भिंतीवरच्या खिळ्याकडे एकटक बघत राहिलं.

"अगं, काय करतेस?" गायिकाबाई पुढे आल्या. "घाबरेल ना तो!"

"घाबरू दे ना ताई," ती म्हणाली. "एकदा तरी घाबरू दे."

तिने त्याला छातीशी धरलं. "रड ना रे," ती त्याच्या कानात म्हणाली, "रड ना राजा." पिल्लूचा तळवा चाचपडत वर आला आणि तिच्या गळ्यावर विसावला. तिला हुंदका फुटला. तळव्याखाली तिचा गळा थरथरला, तसं पिल्लू खुदकन हसलं.