पडद्यावरचा श्रीरंग

हेमांगीने पोळी तव्यावर टाकली आणि पुन्हा भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या हृदयात बसवलेला केसाएवढा प्रकाशतंतू तिथली रक्तवाहिनी त्या पडद्यावर सतत दाखवत असे. आत्ता ती किंचित आकसल्यासारखी वाटली.

"श्रीरंग, कशावरून चिडलायस?" तिने बाहेरच्या खोलीकडे ओरडून विचारलं.

"चिडलो नाही गं. मॅच बघतोय."

"आधी बंद कर ती!"

पोळी करपली. श्रीरंगने आत येऊन गॅस बंद केला. "हेमा, माझ्याकडे बघ."

"दिवसभर तुझ्याकडेच तर बघतेय."

"मिशी काढली मी. कधीची."

हेमांगी वळली. ओळखीचा चेहरा भलताच उघडा आणि थकलेला दिसत होता. तिने पडदा बंद केला, त्याचे हात घट्ट धरले. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याला बरं वाटतंय की नाही, हे त्या चेहऱ्यावरून तिला ओळखताच येईना.