भिवाजीची जीभ

पोरीनं भेटीला आलेल्या आजोबांकडे बोट करून आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला आणि चंद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती अस्सल शिवी होती. तिच्या बापाची, भिवाजीचीच.

त्याचा तरी काय दोष? घाटात रेल्वेचे बोगदे फोडायला मुलखामुलखाची माणसं आली होती आणि भिवाजी त्यांच्यात दगड वाहायला होता. काम संपलं, माणसं पांगली. पण जाताना प्रत्येकानं आपापली शिवी भिवाजीच्या जिभेवर ठेवली. देवाचं नाव तेवढं कुणी ठेवलं नाही.

“जीभ सुदरली की न्यायला या,” असं सांगून चंद्राबाई पोरीला काखेत मारून कळंबला माहेरी निघून गेली.

घर खायला उठलं. पोरीच्या रिकाम्या झोळीकडे भिवाजीला बघवेना. जीभ सुधारायची तर होती, पण तोंड उघडलं की शिवीच आधी बाहेर पडे.

एकदा तो कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या रानात लाकडाला गेला होता. चढावर बैल अडले, तसा त्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एवढ्यात लेण्यांच्या बाजूनं एक दाढीवाला बैरागी धावत आला.

“हळू बोल! ओरडू नकोस!”

भिवाजी ओशाळला. आपल्या घाणेरड्या तोंडानं साधूची समाधी मोडली! त्यानं पाय धरले, शिदोरीची भाकरी पुढं ठेवली आणि बायको-पोर गेल्याचं सगळं सांगून टाकलं.

बैराग्यानं इकडंतिकडं पाहिलं. “जिभेला लगाम घाल. जे पाहशील ते पोटात ठेव. आता डोळे मिटून रामाचं नाव घे. मन भरेपर्यंत उघडू नकोस.”

भिवाजीनं डोळे उघडले तेव्हा समोर बैरागी नव्हता. भाकरीही नव्हती. केवढी ही सिद्धी! त्यानं रिकाम्या जागेला दंडवत घातलं.

मग तो रोज जाऊ लागला. रोज भाकरी, रोज मिटलेले डोळे, रोज नाम. हळूहळू बैराग्याचं अंतर्धान पावणं थांबलं. तोही समोर बसून ओठ हलवू लागला.

“म्हाराज, देव ऱ्हातो कुटं?” भिवाजीनं एकदा विचारलं.

बैरागी हातातल्या भाकरीकडे बघत राहिला. “न मागता देणाऱ्याच्या घरी,” तो कसाबसा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

भाताच्या कापणीपर्यंत भिवाजी बैलांना “चला रं, माज्या राजांनो” म्हणू लागला होता. कळंबच्या वाटेवर सासऱ्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी लेक-नात आणून पोचवली.

नारळ घेऊन तिघंही कोंडाण्याला गेली. भिवाजीचा ऊर भरून आला होता. या एका माणसानं त्याचं घर त्याला परत दिलं होतं.

“म्हाराज,” चंद्राबाई पदर पसरून म्हणाली, “ढवळ्याशेजारी बांदला पवळा, वाण नाय पन गुण लागला. तुमच्या संगतीनं आमचा सौंसार उभा ऱ्हायला.”

पोरीनं चिमुकले हात जोडले. “लाम लाम!”

बैराग्याच्या डोळ्यांना धार लागली. तो उठला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं भिवाजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

“म्हाराज! ह्ये काय इपरीत?” भिवाजी मागं सरकला.

“दादा, मला खाली चौकीवर घिऊन चल.” बैराग्याचं बोलणं एकाएकी गाववाल्यासारखं झालं होतं. “तुरुंगातून पळालेला नवशा दरोडेखोर त्यो मीच हाय. जमादारानं इचारलं, रामाचं नाव तुला कुनी शिकवलं, तर म्या तुजं नाव सांगनार हाय.”