सोफ्यावरची पाहणी

वरच्या मजल्यावरच्या सुताराच्या मशीनमुळे डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून बाबांनी त्याच्यावर दावा ठोकला. आवाज स्वतः ऐकून अहवाल द्यायला कोर्टाने कमिशनर पाठवले.

वर मशीन सुरू होतं, कपाटातली भांडी नाचत होती आणि सोफ्यावर टेकल्या टेकल्या कमिशनरसाहेब घोरायला लागले.

"अहो, उठवा त्यांना!" आई म्हणाली.

"उठवले तर चिडतील," बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि नाही उठवले तर लिहितील, जागा निवांत आहे!"

तेवढ्यात दार वाजलं. भुशाने माखलेला सुतार हात जोडून उभा होता.

"काका, कोर्टात व्हायचं ते होऊ दे, पण आधी हे घोरणं थांबवा. माझं मशीन चालू आहे की बंद, मलाच कळेना!"