शेजारचा ब्रॅकेट

पळस्प्याच्या ऑफिसात राजसकडे एका पॅकिंग मशीनचं कव्हर डिझाइन करायचं काम आलं. कॉम्प्युटरवर अख्खं मशीन आधीच तयार होतं, त्यात हा एक नवीन पार्ट बसवायचा होता. राजसने कव्हरची मापं शेजारच्या ब्रॅकेटला जोडून टाकली, आणि तो ब्रॅकेट होता पलीकडच्या टेबलावरच्या आभाच्या डिझाइनचा. तिने त्यातलं होल जरा सरकवलं, की याच्या कव्हरची मापं बिघडून ते स्क्रीनवर लाल व्हायचं आणि हा खुर्ची मागे ढकलून तिच्या टेबलाशी हजर.

"आभा, परत हललंय बघ."

मग होलचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं आणि जवळच्या कोन गावात मिसळ कुठे चांगली मिळते यावर अर्धा तास जायचा.

शेवटी एक दिवस आभा बाहेर गेलेली असताना साठे सर वैतागले. "अरे, ती लिंक तोड आणि मापं फिक्स करून टाक. रोज काय तिच्या टेबलाच्या वाऱ्या करतोस?"

सगळं ऑफिस खाली मान घालून हसलं. राजसने निमूटपणे लिंक तोडली.

दुसऱ्या दिवशी कव्हर शहाण्यासारखं जागच्या जागी होतं. जेवणाची सुट्टी झाली तरी लाल काही दिसेना. राजस तोंड पाडून बसून राहिला, उठायला कारणच उरलं नव्हतं.

तेवढ्यात आभाच त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.



"तुझं आज काही लाल झालं नाही का रे? सकाळपासून तीनदा हलवलं मी ते होल."