तीन बोटांची वीट

त्या सोमवारी सकाळी अबनर मॅनिगो गल्लीत आला, तेव्हा भिंतीत ती वीट नव्हती. तिच्या जागी नवी वीट बसवली होती. सांध्यातला चुना अजून ओला होता. तरी त्याने आजूबाजूच्या विटांवरून हात फिरवून पाहिला.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टनच्या जुन्या घरांत बोटं उमटलेल्या विटा बऱ्याच आहेत. नदीकाठच्या भट्ट्यांवर ओल्या विटा उन्हात पालटायचं काम गुलामांच्या लेकरांकडे असे. मातीत बोटं रुतत आणि विटेबरोबर भाजून निघत. या विटेत तीन बोटं होती. अबनरची बायको वर्डेल लहानपणापासून दर रविवारी चर्चमधून येताना मधल्या खळग्यात आपलं बोट ठेवी. "काय रे बाळा, बरा आहेस ना?" एवढंच म्हणे आणि पुढे चालू लागे. तिच्या घरची माणसं त्याच भट्ट्यांवर राबली होती. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून तिने हे लेकरू आपलं मानलं होतं.

वर्डेल गेल्या हिवाळ्यात वारली. तिचे कपडे चर्चने नेले. तेव्हापासून अबनर रोज येऊन त्या खळग्यात बोट ठेवायचा. खळगा गुळगुळीत होता. तिचा हात हातात घेतल्यासारखं त्याला वाटायचं.

त्याने घराची बेल वाजवली. मालकीण नवी होती; त्याने आपलं नाव सांगितलं.

"भिंत आमची आहे, मिस्टर मॅनिगो," ती दारातूनच म्हणाली.

"भिंत तुमचीच हो. मी विटेचं विचारतोय."

तिने भिंत दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदार म्हणाला, मालकिणीला विचारा. नगरपालिकेतला माणूस म्हणाला, खाजगी भिंतीत आम्ही पडत नाही. अबनर पुन्हा ठेकेदाराकडे गेला, तर तो फोन उचलेना.

"लोक बायकोच्या थडग्यावर जातात," मेहुणी ओनिडा भेंडीचं सूप वाढताना म्हणाली. "तू परक्याच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतोस. एक दिवस पोलीस नेतील. मी नाही येणार सोडवायला."

"थडग्यात तिचा हात लागत नाही," अबनर म्हणाला. सूप तसंच राहिलं.

शेवटी ओनिडानेच चर्चमध्ये चौकशी करून पत्ता काढला. मालकिणीने वीट एका छोट्या संग्रहालयाला देऊन टाकली होती. अबनर तिथे गेला. वीट काचेच्या पेटीत होती. खाली पाटी होती: 'नाव अज्ञात. हात लावू नये.'

"हात लावू नये?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की आतून एक तरुण बाई धावत आली. बोलण्यावरून जवळच्या जेम्स आयलंड बेटावरची, आपल्याच काळ्या लोकांतली.

"आमच्या हाताने घडलेली वीट, आणि आम्हालाच बंदी! पोरी, जिथे जातो तिथे मला दुसरं दार दाखवतात. माझी बायको गेली आहे. मला एकदा त्यात बोट ठेवू दे, मग कायमची ठेव काचेत."

मग तिने किल्ली काढली.

"एकदाच, काका. मी दुसरीकडे बघते. पण कडेच्या दोन बोटांना हात लावू नका. त्यात अजून रेषा आहेत."

"कसल्या रेषा?"

तिने दिवा जवळ आणला. अबनर वाकला. डावीकडच्या खळग्यात बारीक बारीक रेषा होत्या, फिरत गेलेल्या, लहान लेकराच्या बोटावर असतात तशा. उजवीकडच्याही तशाच. भिंतीत सावलीत त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

"मधल्यात?"

"मधल्यात काही उरलं नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथेच बोट ठेवलंय. त्या लेकराची खूण पार पुसली गेली. म्हणून तर ही काच." तिने दिवा बाजूला ठेवला. "जो कोणी असेल, त्याला कळलंही नसेल हो."

अबनरचं बोट विटेच्या वर थांबलं होतं. त्याने हात मागे घेतला.

"बंद कर," तो म्हणाला.

तिने पेटीला कुलूप घातलं. तो बाहेर पडला. खूण पुसणारं ते बोट कुणाचं, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.