सारीच्या आईसाठी तीर्थ

अकरा वर्षांपूर्वीचं ते पत्र पुरोहित असलेल्या पेदंडा ओकांना रोज ठरल्या वेळी आठवायचं. पहाटे अंघोळ करून, पांढरं वस्त्र नेसून ते पूर्वेकडे तोंड करून ओट्यावर बसत आणि पूजेच्या घंटेकडे हात नेत, नेमकं तेव्हा.

पत्र मुलीचं होतं, दायू मिराहचं. खालच्या जातीतल्या एका मुलाबरोबर ती पळून गेली होती. बाली सोडून पार सुलावेसी बेटावर जाऊन राहिली होती. त्या मुलाचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

'बाबा, तुम्ही आता गुरू झालात असं कळलं. मला घरात घेऊ नका. पण दाराबाहेर उभी राहिले, तर तुमच्या हातचं तीर्थ मिळेल का? एवढंच कळवा.'

त्यांनी त्याच दिवशी ताडपत्रांच्या पोथ्या काढल्या होत्या. एका पोथीत 'नाही' सापडलं, दुसरीत 'हो' सापडलं. तिसरी शोधता शोधता अकरा वर्षं गेली. शिष्यांच्या शंकांना ते दिवसभर उत्तरं देत. लोक समाधानाने घरी जात. आपण खरंच बरोबर सांगितलं का, म्हणून हे मात्र रात्रभर कूस बदलत राहत.

आज बायकोने वाटीभर चंदन उगाळून ठेवलं होतं.

"एवढं कुणासाठी, बियांग?"

"बाहेर एक जण आलाय. अंत्यसंस्काराचं तीर्थ मागतोय."

"सूर्यपूजा आटोपल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. बसलाय तो. बसेल."

पूजा रोजच्यासारखी झाली. बोटांच्या मुद्रा, फुलं, अक्षता, घंटा. सूर्याला हृदयात बोलवायचं आणि समोरच्या पाण्याचं तीर्थ करायचं. तो खरंच येतो का, ही शंकाही रोजच्यासारखीच आली आणि गेली.

मग त्यांनी त्या माणसाला ओट्याजवळ बोलावलं. चाळिशी उलटलेला, काटकुळा. खाली बसला, मान वर केली नाही.

"कुठला रे तू?"

"डोंगरापलीकडचा, रातू." पुरोहिताला तिकडे आदराने असंच म्हणतात.

"कोण गेलं?"

"सारीची आई."

त्या गावांत मूल झालं की आईबापांना मुलाच्याच नावाने हाक मारतात. पेदंडांनी पुढे विचारलं नाही.

"तुमच्याकडेही गुरू आहेत की. इतकी पायपीट कशाला केलीस?"

"घरात बसवत नव्हतं, रातू. चाललेलं बरं वाटतं."

"आजारी होती?"

"ताप होता. त्या सकाळी आम्ही भांडलो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट सरकवलं. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी आलो तर शुद्ध नव्हती."

"काय बोलणार होतास?"

"काही नाही," तो म्हणाला. "मीठ बरोबर होतं, एवढंच."

पेदंडांनी पुन्हा घंटा उचलली. परक्या बाईसाठी इतक्या सावकाश त्यांनी कधी मंत्र म्हटले नव्हते. बियांग नवं मातीचं मडकं धरून उभी होती.

"अजून घाला."

"अगं, वाटेत सांडेल."

"सांडू दे. काठोकाठ भरा."

तिने त्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. स्वयंपाकघरात त्याचं पान आधी वाढलं.

"आज गुरूच्या आधी पाहुणा?" पेदंडा ओट्यावरून हसून म्हणाले.

"तुमचं रोजचंच आहे," ती आतून म्हणाली.

ते खोलीत गेले. पोथ्यांचा गठ्ठा समोरच होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि साधा कागद घेतला. एका माणसाला मिठाबद्दलचं वाक्य सांगायचं राहिलं, आणि आपण अकरा वर्षं गप्प. आपली मुलगी तर जिवंत आहे!

'मिराह, तीर्थ हवं तेवढं ने. दाराबाहेर उभी राहू नकोस. त्यालाही घेऊन आत ये. उत्तर पोथीत नव्हतं, मला उशिरा कळलं. बाबा.'

जुन्या पाकिटावरचा पत्ता त्यांनी उतरवून घेतला आणि पत्र बायकोच्या हातात दिलं. तिने ते दारातच वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आत्ताच्या आत्ता पेटीत टाकून ये," ते म्हणाले. "उद्यावर टाकलंस तर मी परत पोथी उघडेन."

"माहीत आहे मला."

"पत्ता जुना आहे. पोचेल ना गं?"

"पोचेल."

तो माणूस डोक्यावर मडकं घेऊन निघाला. त्याच्या मागोमाग बियांग निघाली. वळणापर्यंत दोघं दिसत होती.

पेदंडा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. दुपारी शिष्य आले. एकाने अवघड शंका विचारली, तर ते सरळ म्हणाले, "मला माहीत नाही बाबा." आणि त्यांना चक्क बरं वाटलं. बोटीने पत्र जायला आठवडा, तिला निघायला आठवडा. पौर्णिमेपर्यंत येईल. पूर्वेकडची खोली त्यांनी स्वतः झाडली.

ऊन उतरल्यावर बियांग परत आली. तिचे पाय धुळीने भरले होते.

"पेटी काय डोंगरापलीकडे नेऊन ठेवली का गं? टाकलंस ना पत्र?"

"पेटीत नाही टाकलं."

"मग?"

ती पायरीवर बसली. "सुलावेसीहून दोन वर्षांपूर्वीच परत आली होती ती दोघं. सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही आधी पोथी काढली असती."

"बियांग, पत्र कुठंय?"

"सारीच्या बापाकडे दिलंय. परवा चितेवर तिच्या हातात ठेवणार आहे तो."