जहाजाचं पान

दिवस कासराभर वर आला तरी शकुन उठली नव्हती. सासूनं चूल पेटवायची अन् सुनेनं घोरायचं, अशी रीत माणिकबाईच्या घरात आजवर नव्हती. समईतलं तेल पार आटलेलं, गोधडीची सुई जागेवर नाही. ओसरीवर साहेब येऊन बसला होता, अन् सून अंथरुणात. हिच्या मायनं हिले झोपाच शिकवल्या, माणिकबाई पुटपुटली.

साहेब अकोल्याचा, कापूस घेणारा. पण काल दिवेलागणीला आला तो पुस्तकासाठी. दिव्याच्या उजेडात पुस्तक पारखत नसतात म्हणून रात्री थांबला. जेवताना मात्र पहिल्या छापाची खूण काय, ते त्यानं माणिकबाईच्या मुलाला, खुशालरावाला, घोळून घोळून सांगितलं. सासू-सून दाराआडून ऐकत होत्या.

पुस्तक स्पेन मुलखातल्या पाहुण्याचं. अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तो अमरावतीत आला अन् यांच्याच घरी उतरला. तापानं गेला बिचारा. जाताना पुस्तक माणिकबाईच्या हातात ठेवून त्यानं खाटेच्या उंचीवर पंजा धरला: एवढी पोर आहे, ती न्यायला येईल. माणिकबाईनं पुस्तक कपाळाला लावलं. शब्द दिला.

तेव्हापासून ते देव्हाऱ्याशेजारी. अक्षर कोणालाच लागत नव्हतं, पण आत एक चित्र होतं. पाणीच पाणी, अन् त्यावर शिडांचं जहाज. वर्धा नदीहून मोठं पाणी न पाहिलेल्या बाया यायच्या. माणिकबाई पुस्तक फिरवून धरायची, अन् बाया बोलणं विसरायच्या. शेजारची तानुबाई तर एकदा हळदकुंकूच घेऊन आली.

खुशालरावानं ते कधी उघडलंही नव्हतं. त्याचं सारं ध्यान कापसाच्या गाठींत. पहिल्या छापाचं निघालं तर तुमचं, असं तो साहेबाला बोलून बसला होता. माय चिडली तर म्हणाला, मेलेल्याची पोर सात समुद्र ओलांडून थोडीच येते.

साहेबानं हात धुतले, पुसले, भिंग काढलं. पान उलटताना त्याचा श्वास दाराआड ऐकू येत होता. कागद तोच, साल तेच. पहिल्या खेपेला बांधणाऱ्यानं जहाजाचं पान उलटं शिवलं, त्यानं खुशालरावाला पुन्हा सांगितलं. चूक कळेपर्यंत थोड्याच प्रती बाहेर गेल्या. तसली प्रत आख्ख्या मुंबईत नाही.

अन् त्यानं ते पान उघडलं.

जहाज सरळ होतं. शिडं आभाळाकडे, तळ पाण्यात.

माणिकबाई चौकट धरून पुढं वाकली. मागं शकुन डोळे चोळत येऊन उभी राहिली होती.

"दूसरा छापा है," साहेब म्हणाला. पुस्तक तिथंच ठेवून तो दमणीत जाऊन बसला. खुशालराव तोंड पाडून बैलांमागं वेशीपर्यंत गेला.

माणिकबाईनं पुस्तक उचललं. जहाजाच्या पानाच्या कडेवरून ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मग सुनेकडे वळली.

"झोपाळू तं हायेच तू," ती म्हणाली, "पण टाका माह्याहून बारीक हाय तुह्या हाताचा. आता भाकर खाय, अन् मंग जहाज होतं तसं उलटं शिवून ठेव."